बुडालेली चांदी कोणाची?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचं बंधन घातलं नव्हतं, फक्त "काका, बँकेवर नको" एवढं सुचवलं होतं. म्हणून मी समुद्राकडे वळलो. रौप्यमहोत्सव असल्यामुळे विषय मात्र चांदीचाच घेतला आहे.

ही चांदी समुद्राच्या तळाशी गेलेल्या दोन जहाजांमधली. दोन्ही जहाजांवरचा माल वर काढणारी कंपनी एकच. एका प्रकरणात त्या कंपनीला नाण्यांचा ढीग परत करावा लागला, दुसऱ्यात तिला ऐंशी टक्के वाटा मिळाला. असं का झालं, हे पाहताना समुद्राखालच्या वारशाचा आंतरराष्ट्रीय कायदा समजतो. त्यातली एक मोठी उणीवही समजते, आणि ती आपल्या माणसांशी संबंधित आहे.

पहिलं जहाज: मर्सेडीस

१८०४ साली स्पेनच्या आरमाराची चार जहाजं दक्षिण अमेरिकेतून मायदेशी निघाली. त्यांतल्या एकाचं नाव 'नुएस्त्रा सेन्योरा दे लास मर्सेडीस'. आपण नुसतं मर्सेडीस म्हणू. पोटात चांदीची नाणी होती, बहुतेक पेरूतल्या लिमाच्या टांकसाळीत पाडलेली. ५ ऑक्टोबर १८०४ रोजी पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यापुढे ब्रिटिश आरमाराच्या चार जहाजांनी त्यांना अडवलं. त्या दिवशी ब्रिटन आणि स्पेन यांच्यात युद्ध पुकारलेलं नव्हतं. हा पैसा शेवटी नेपोलियनच्या हाती पडणार, ही ब्रिटनची धास्ती. स्पॅनिश अधिकारी शरण जाईनात, तेव्हा तोफा सुरू झाल्या. थोड्याच वेळात मर्सेडीसच्या दारूकोठाराचा स्फोट झाला आणि जहाज फुटलं. सुमारे अडीचशे माणसं गेली.

त्या ताफ्यात दिएगो दे आल्व्हेआर नावाचा आरमारी अधिकारी होता. अनेक वर्षांची नोकरी करून तो बायकामुलांसह परत चालला होता. ऐन वेळी त्याची नेमणूक 'मेदेआ' या दुसऱ्या जहाजावर झाली. मोठ्या मुलाला, कार्लोसला, त्याने बरोबर घेतलं. बायको आणि सात मुलं मर्सेडीसवर राहिली. त्यांचं जहाज फुटताना या बापलेकांनी दुसऱ्या जहाजावरून पाहिलं. हा कार्लोस पुढे अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातला मोठा सेनानी झाला.

त्यानंतर दोनशे वर्षं कोणी या जहाजाला हात लावला नाही. २००७ साली फ्लोरिडातल्या ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या कंपनीने यंत्रमानव खाली सोडून सुमारे ५ लाख ९४ हजार नाणी वर काढली. वजन सुमारे १७ टन. जिब्राल्टरहून विमानाने ती फ्लोरिडात नेली. जहाज कुठलं, हे गुलदस्त्यात ठेवून कंपनीने या मोहिमेला 'ब्लॅक स्वान' असं टोपणनाव दिलं. स्पेनने फ्लोरिडाच्या कोर्टात धाव घेतली.

कंपनीचा युक्तिवाद असा, की जहाज आरमाराचं असलं तरी त्या फेरीत ते व्यापारी मालाची ने-आण करत होतं, आणि बहुतेक नाणी खासगी व्यापाऱ्यांची होती. कोर्टाने तो मानला नाही. एखाद्या देशाचं युद्धनौकेवरचं स्वामित्व ती बुडाली म्हणून संपत नाही. दुसऱ्या देशाचं कोर्ट तिच्यावर जप्ती आणू शकत नाही. आणि जहाजाला मिळणारं संरक्षण पोटातल्या मालालाही मिळतं. २००९ मध्ये खालच्या कोर्टाने आणि २०११ मध्ये अपील कोर्टाने हेच सांगितलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्पेनच्या हवाई दलाची दोन हर्क्युलिस विमानं फ्लोरिडाला आली आणि नाणी घेऊन गेली. आज ती स्पेनमधल्या कार्ताहेना शहरातल्या, समुद्राखालच्या पुरातत्त्वाला वाहिलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पुढे कोर्टाने कंपनीला स्पेनचा १० लाख डॉलरहून जास्त वकिली खर्च भरायला लावला.

आता बँकेवर लिहायचं नाही असं ठरलं असलं तरी एक उदाहरण देतो, कारण त्याने गोष्ट चटकन कळते. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर तुमची ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते. पण मालकी जात नाही. ठेवीदार किंवा वारस कागद घेऊन आला, की पैसे द्यावेच लागतात. सोसायटीतल्या मंडळींना दुसरा दाखला द्यायचा तर कन्व्हेयन्सचा देता येईल. इमारतीत राहतो आपण, पण कन्व्हेयन्स झाल्याशिवाय खालची जमीन आपल्या नावावर होत नाही. ताबा वेगळा, मालकी वेगळी. ओडिसीकडे ताबा होता.

पेरूनेही या खटल्यात हात वर केला होता. चांदी आमच्या डोंगरातली, नाणी आमच्या टांकसाळीतली, मग ती स्पेनची कशी? कोर्टाने सांगितलं, हा दोन देशांमधला प्रश्न आहे, तो इथे सोडवता येणार नाही. पेरूचा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

दुसरं जहाज: गिरसप्पा

माझ्या पिढीने शाळेत भूगोलात 'गिरसप्पाचा धबधबा' पाठ केला, तोच आजचा जोगचा धबधबा. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या कंपनीच्या एका मालवाहू आगबोटीला तेच नाव होतं, इंग्रजी वळणाने 'गेरसोपा'. १९१९ साली बांधलेलं जहाज. डिसेंबर १९४० मध्ये ते कलकत्त्याहून निघालं. पोटात बिडाचं लोखंड, चहा, टपालाच्या थैल्या आणि चांदीच्या लाद्या होत्या.

आफ्रिकेला वळसा घालून फ्रीटाउन बंदरात ते एका ताफ्यात सामील झालं. फेब्रुवारीत हवा बिघडली. कोळसा कमी पडायला लागला, म्हणून कप्तानाने ताफा सोडला आणि जहाज आयर्लंडमधल्या गॉलवे बंदराकडे वळवलं. १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मनीच्या यू-१०१ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. वीसेक मिनिटांत जहाज तळाशी गेलं.

जहाजावर सुमारे ८५ माणसं होती. त्यांतली तीसएक माणसं एका होडीत चढली. बहुतेक हिंदी खलाशी. होडीचा ताबा सेकंड ऑफिसर रिचर्ड आयर्स याच्याकडे होता. फेब्रुवारीतला उत्तर अटलांटिक, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, पिण्याचं पाणी संपलेलं. तेरा दिवस होडी वाहत राहिली आणि एकेक माणूस मरत गेला. १ मार्चला इंग्लंडच्या कॉर्नवॉलचा किनारा दिसला, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं जिवंत होती. किनाऱ्याजवळच्या लाटांत होडी उलटली. आयर्स तेवढा वाचला. साऱ्या जहाजावरचा तो एकटाच.

सत्तर वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच ओडिसी कंपनीने हे जहाज शोधून काढलं. खोली सुमारे ४,७०० मीटर, म्हणजे टायटॅनिकच्याही खाली जवळजवळ एक किलोमीटर. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत मिळून चांदीच्या २,७९२ लाद्या वर आल्या. एकेक लादी पस्तीस किलोच्या आसपास, एकूण जवळजवळ १०० टन.

या वेळी कंपनी कोर्टात अडकली नाही, कारण तिने ब्रिटिश सरकारशी आधीच करार केला होता. चांदीवर सरकारने युद्धजोखमीचा विमा दिला होता. जहाज बुडाल्यावर मूळ मालकांना भरपाई दिली आणि मालकी सरकारकडे आली. भरपाई दिली की हक्क विमा देणाऱ्याकडे जातो, हा विम्याचा जुना नियम. खर्च वजा जाता जे उरेल त्यातले ८० टक्के कंपनीचे, बाकी ब्रिटिश खजिन्याचे. त्या चांदीतून ब्रिटनच्या टांकसाळीने २०१४ साली नाणीही पाडली, त्यांच्या कडेवर जहाजाचं नाव कोरलेलं आहे.

हिशेब म्हणून पाहिला तर चोख व्यवहार आहे. एकही कागद कमी नाही. मला खटकतं ते पुढेच आहे: या व्यवहारात चांदीच्या प्रत्येक लादीला दावेदार होता, आणि जहाजाबरोबर गेलेल्या खलाशांना कोणी नव्हता.

कायदा इथवर कसा आला

समुद्रात बुडालेल्या मालाबद्दल पूर्वी दोनच नियम चालत. एक सॅल्व्हेजचा: संकटातल्या जहाजाचा माल जो वाचवेल त्याला मालकाने योग्य मोबदला द्यायचा. दुसरा सरळ 'सापडेल त्याचं' असा: मालकाने हक्क सोडला असेल तर शोधणारा मालक. जहाज आज बुडालं असेल तेव्हा हे ठीक आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजाला 'वाचवायचं' म्हणजे काय? ते तर तळाशी शांतपणे पडलेलं असतं.

१९८२ चा समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करार हा समुद्राची राज्यघटना समजला जातो. भारत त्याचा सदस्य आहे. त्यात पुराणवस्तूंबद्दल जेमतेम दोन कलमं आहेत. त्यांचं रक्षण करावं असं एका हाताने सांगितलं आहे, आणि सॅल्व्हेजच्या नियमांना धक्का नाही असं दुसऱ्या हाताने.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच एक प्रकरण गाजलं. १७५२ साली दक्षिण चिनी समुद्रात बुडालेलं 'गेल्डरमाल्सन' हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज एका धंदेवाईक पाणबुड्याने १९८५ मध्ये शोधलं. चिनी मातीची दीड लाखांहून जास्त भांडी आणि सोन्याच्या १२५ लाद्या पुढच्या वर्षी अॅमस्टरडॅममध्ये लिलावात गेल्या. भांडी जगभरच्या दिवाणखान्यांत पोचली. जहाज कसं रचलेलं होतं, माणसं कुठे राहत, कुठला माल कुठे होता, याची धड नोंद उरली नाही. पुरातत्त्ववाले हळहळले. ग्रंथालय विकत घेऊन पानं सुटी विकावीत तसा हा प्रकार झाला.

अखेर २ नोव्हेंबर २००१ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोने समुद्राखालच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा करार मंजूर केला. वीस देशांनी मान्यता दिल्यावर २ जानेवारी २००९ पासून तो लागू झाला. आज सत्तरहून जास्त देश त्यात आहेत. त्यातल्या मुख्य गोष्टी समजायला सोप्या आहेत.

किमान शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या, सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या मानवी खुणा म्हणजे हा वारसा. शक्यतो तो आहे तिथेच जपायचा, वर काढणं हा नंतरचा पर्याय. त्याची व्यापारी खरेदी-विक्री करायची नाही. त्यात माणसांचे अवशेष असतील तर त्यांचा योग्य तो मान राखायचा.

याशिवाय एक तरतूद आहे, तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दूरच्या समुद्रात एखादा अवशेष सापडला आणि एखाद्या सदस्य देशाचा त्याच्याशी सिद्ध करता येण्यासारखा सांस्कृतिक, ऐतिहासिक किंवा पुरातत्त्वीय दुवा असेल, तर त्या देशाला 'आम्हालाही विचारा' असं म्हणता येतं. मालक असण्याची गरज नाही, दुवा पुरे. पेरूचा प्रश्न आठवतो? मालकीच्या कायद्यात त्याला जागा नव्हती. या करारात अशा प्रश्नाला निदान बसायला खुर्ची आहे.

उणीव कुठे आहे

आता लक्षात घ्या, वरच्या दोन प्रकरणांपैकी एकाचाही निकाल या करारावर लागलेला नाही. अमेरिका आणि ब्रिटन, दोघेही त्याचे सदस्य नाहीत. मर्सेडीसची नाणी स्पेनला मिळाली ती युद्धनौकेच्या स्वामित्वामुळे. गिरसप्पाची चांदी निघाली तेव्हा त्या जहाजाला बुडून ७१ वर्षं झाली होती. ब्रिटन सदस्य असता तरी शंभर वर्षांची अट आडवी आली असती. दोन्ही महायुद्धांत बुडालेली हजारो जहाजं बरीच वर्षं या अटीबाहेर राहिली. पहिल्या महायुद्धातली आता आत आली आहेत. दुसऱ्यातली २०३९ पासून येऊ लागतील, आणि गिरसप्पा २०४१ मध्ये. तोवर चांदी शिल्लक नसेल, कारण ती आताच नाही.

ओडिसीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. एवढ्या खोलीवर जायला प्रचंड पैसा लागतो, आणि नफ्याची आशा नसेल तर तो कोण घालणार? चांदीबरोबर त्यांनी सातशेहून जास्त पत्रंही वर आणली. गाळात, अंधारात, घट्ट दाबलेली असल्यामुळे ती सत्तर वर्षं टिकली. १९४० च्या अखेरीला हिंदुस्थानातून लोकांनी विलायतेतल्या घरच्यांना लिहिलेली ही पत्रं. लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये २०१८ साली त्यांचं प्रदर्शन झालं. ज्यांना लिहिली त्यांतले बहुतेक तोवर हयात नसतील. ही पत्रं वाचता आली हे चांगलंच झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पत्रं वर आली ती चांदीच्या पाठीवर बसून. चांदी नसती तर त्यांच्यासाठी कोणी खाली गेलं नसतं.

मेलेल्यांची बाजू मांडता येते, याचं एक उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. १९४३ साली हेस्टिंग्जजवळ ताफ्यातून जाताना 'स्टोरा' नावाचं व्यापारी जहाज बुडालं. त्यावर मृत्यू पावलेल्या एका नौसैनिकाच्या मुलींनी हे जहाज लष्करी समाधी मानावं म्हणून सरकारशी भांडण केलं. सरकार म्हणे, व्यापारी जहाजाला ते संरक्षण नाही. २००६ मध्ये अपील कोर्टाने मुलींच्या बाजूने कौल दिला: ताफ्यातलं व्यापारी जहाजही लष्करी सेवेत असू शकतं. त्या मुलींना माल नको होता. वडिलांच्या जागेवर कोणी खणू नये, एवढंच म्हणणं होतं. गिरसप्पावरच्या खलाशांच्या मुली हिंदुस्थानातल्या कुठल्या तरी खेड्यांत होत्या. त्यांना कोर्ट कुठलं आणि वकील कुठला?

आपला संबंध

ब्रिटिश आगबोटींवर सारंग, टंडेल, खलाशी, आगवाले म्हणून काम करणारी माणसं मोठ्या संख्येने आपल्या देशातली होती. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या, कितीतरी घरांतला एक तरी माणूस बोटीवर असे. गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगारावर ही माणसं तेच काम करत. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी व्यापारी खलाशांची संख्या सुमारे सहा हजार आहे. ज्यांना थडगं नाही अशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारक-ग्रंथांत नोंदलेली आहेत. मुंबईत राहून मुंबईच्या या ग्रंथाची माहिती आपल्यापैकी किती जणांना असेल?

समुद्र ही समाधी असते, हे मुंबईकराला वेगळं समजावून सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या जेमतेम महिनाभर आधी, रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गिरगाव, परळपासून अलिबागपर्यंतच्या जुन्या घरांत ती आठवण अजून निघते. रामदासवर काय माल होता, हे त्यांतलं कोणी कधी विचारत नाही.

आपल्याकडे काम झालेलं नाही असंही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ बुडालेल्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी सापडली, त्यांची नीट नोंद झाली आणि लिलाव झाला नाही. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यातही शंभर वर्षांचीच अट आहे. पण २००१ च्या करारात भारत अजून सामील नाही. आपल्या किनाऱ्याजवळचं आपण आपल्या कायद्याने सांभाळू शकतो. अटलांटिकच्या तळाशी असलेल्या आपल्या माणसांबद्दल बोलायचं, तर 'दुवा' दाखवण्याची ती खुर्ची लागते, आणि ती सदस्यालाच मिळते.

सोसायटीच्या सभेत आपण नेहमी सांगतो, की जो हजर राहत नाही त्याने निर्णयाबद्दल कुरकुर करू नये. देशांचंही तसंच आहे. २०४१ ला अजून वेळ आहे. तोवर भारताने हा करार मान्य केला, तर गिरसप्पाच्या सांगाड्याला पुन्हा हात लावण्याआधी आपल्यालाही विचारा, असं हक्काने म्हणता येईल. ब्रिटन तेव्हा सदस्य असेल किंवा नसेल, आपली बाजू तरी कागदावर असेल. चांदी कोणाची, या प्रश्नाचं उत्तर विम्याच्या कागदांत मिळालं. माणसं कोणाची, याचं उत्तर कलकत्त्याहून निघालेल्या त्या खलाशांच्या वतीने आपणच द्यायचं आहे.